दूरध्वनीपासून दृक्संवादापर्यंत : आंतरजालावरील बोलण्याची ओळख



जमाखर्चाची व कार्यवृत्ताची पाने उलटल्यावर वाचकांच्या हाती काही उपयुक्त माहितीही पडावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. विषय वरवर पाहता रुक्ष आहे : आंतरजालावरून, म्हणजेच इंटरनेटवरून, होणारे बोलणे आणि एकमेकांस पाहणे. मुंबईतील मुलाशी अथवा पुण्यातील नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यात आता नवलाई उरलेली नाही. परंतु तोच कॉल जेव्हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये होतो, तेव्हा अडखळलेल्या शब्दाचे मोल एकदम बदलते. नातवाचे गाणे अर्धे ऐकू आले तर हसून सोडून देता येते. औषधाची मात्रा अर्धी ऐकू आली तर तसे करता येत नाही.

शाहूवाडी तालुक्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. आंबा, गजापूर, विशाळगड, येळवण जुगाई, अणुस्कुरा हा सारा पट्टा सह्याद्रीच्या माथ्यावरचा, मुसळधार पावसाचा. येथील कित्येक धनगरवाडे डांबरी सडकेपासून दूर, डोंगराच्या कुशीत वसलेले आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरकडे जाणारे अनेक रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणचा तज्ज्ञ आणि डोंगरातील रुग्ण यांच्यात बोलण्याचाच काय तो दुवा उरला. हा दुवा कसा बनतो, कोठे कच्चा पडतो आणि त्यावर किती भार टाकावा, हे रुग्णाच्या घरच्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

तारेकडून पाकिटाकडे

जुन्या मंडळींना ट्रंक कॉल आठवत असेल. क्रमांक नोंदवायचा, तास न् तास वाट पाहायची आणि जोडणी मिळाली की ओरडून बोलायचे. भारतात ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची, म्हणजे एसटीडीची, सोय प्रथम १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांत सुरू झाली. ती गावोगाव पोहोचून पिवळ्या पाटीची बूथे उभी राहायला आणखी तीन दशके लागली. या साऱ्या पद्धतीत एक गोष्ट समान होती. बोलणे चालू असेपर्यंत दोन टोकांमधील मार्ग त्या दोघांसाठी राखून ठेवलेला असे. दोघेही गप्प बसले तरी मार्ग अडलेला आणि पैसे चालू.

आंतरजालाची रीत निराळी आहे. तेथे कोणासाठीही मार्ग राखीव नसतो. बोललेला आवाज प्रथम आकड्यांत रूपांतरित होतो, त्या आकड्यांचे लहान लहान तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकडा पत्ता व अनुक्रमांक घातलेल्या पाकिटात भरला जातो आणि ही पाकिटे इतरांच्या लाखो पाकिटांबरोबर एकाच वाटेने सोडली जातात. यांनाच पॅकेट म्हणतात. पलीकडच्या टोकाला ती अनुक्रमाने लावून, फोडून, पुन्हा आवाज घडविला जातो. या तंत्रास ‘व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘व्हॉइप’, असे नाव आहे. प्रोटोकॉल म्हणजे उभय टोकांच्या यंत्रांनी पाळावयाचा शिष्टाचार : आधी कोणी हाक द्यायची, कोणत्या बोलीत बोलायचे, संभाषण कसे संपवायचे. १९९९ साली प्रथम प्रमाणित झालेला ‘सिप’ हा असाच एक शिष्टाचार असून कार्यालयांतील अनेक दूरध्वनी यंत्रणा आजही त्यावर चालतात. मोबाइलवरील फोर-जीचा नेहमीचा कॉलही आता पाकिटांतूनच जातो. मात्र तेथे दूरसंचार कंपनी त्या पाकिटांना आपल्या जाळ्यात अग्रक्रम देते. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरील कॉलला ही खास वाट मिळत नाही, तो सर्वसाधारण गर्दीतूनच जातो. साधा कॉल ठीक चालला असताना त्याच जागी ॲपवरचा कॉल तुटतो, त्याचे एक कारण हे आहे.

आपल्या देशात सर्वसामान्यांना आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगममार्फत खुले झाले. त्यावरून बोलण्यास कायदेशीर मुभा मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही मर्यादित. पुढल्या वर्षी, २००३ मध्ये, स्काइप आले आणि परदेशी असलेल्या मुलांच्या घरी संगणकाला कॅमेरा जोडण्याची लाट आली. ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले, परंतु ‘स्काइप करू या’ हा शब्दप्रयोग काही घरांत अजून ऐकू येतो.

आमच्या शेजारच्या वारणा खोऱ्याला मात्र या जाळ्याची चाहूल बरीच आधी लागली होती. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी समूहाच्या आधाराने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावातील केंद्रावर जाऊन शेतकऱ्याने आपल्या उसाचे वजन, तोडणीची पाळी, खतांचा हिशेब पाहावा, अशी ती योजना होती. पुढे २००६ च्या सुमारास काही मोजक्या गावांत प्रयोग करून असे दाखविण्यात आले, की यातील पुष्कळसे काम संगणकाशिवाय, मोबाइलच्या साध्या लघुसंदेशानेही भागते. या उदाहरणातून आमच्या विषयाला उपयोगी असे दोन मुद्दे निघतात. उसाचे वजन दोन मिनिटे उशिरा कळले तरी बिघडत नाही, संभाषणाचे तसे नसते. आणि जे काम साध्या साधनाने होते, त्यासाठी अवघड साधन वापरण्यात शहाणपण नाही. रक्तातील साखरेचा आकडा डॉक्टरांना कळविण्यासाठी व्हिडिओ कॉल लागत नाही.

आवाजाचे वजन किती?

दूरध्वनीच्या रूढ पद्धतीत आवाजाचे दर सेकंदास ८००० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. बिट हे माहितीचे सर्वांत लहान माप. एका सेकंदात जितके बिट वाहून नेता येतात तितकी त्या जोडणीची क्षमता, तिला बँडविड्थ म्हणतात. सामान्यतः दर सेकंदास ५० पाकिटे पाठविली जातात आणि प्रत्येकावर पत्त्याचा मजकूर चढतो. तो धरून एकूण भार सुमारे ८०,००० बिटांवर जातो. जुन्या काळच्या दूरध्वनी तारेवरील मोडेम कमाल ५६,००० बिट नेत असे. तेव्हा त्यावर बोलणे का तुटत होते, हे या आकड्यांवरूनच ध्यानात यावे.

हा भार हलका करण्यासाठी जी गणिती युक्ती वापरतात तिचे नाव कोडेक. कपडे घडी घालून पेटीत बसवावेत आणि मुक्कामी पोहोचल्यावर उलगडावेत, तसे तिचे काम चालते. एका प्रचलित कोडेकने ६४,००० चे ८,००० बिट होतात. गंमत अशी, की तेव्हा पाकिटातील पत्रापेक्षा पाकिटावरचा पत्ताच दुप्पट जड होतो! २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस हा कोडेक जोडणीची कुवत पाहून आपली घडी स्वतःच सैल वा घट्ट करतो. आज आंतरजालावरील संभाषणात त्याचाच मोठा वापर आहे.

घडी घालताना काही तरी चुरगळतेच, आणि रुग्णाच्या दृष्टीने हा भाग फार महत्त्वाचा आहे. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी जातो. ‘स’ या वर्णाची बरीचशी शक्ती या पट्ट्याच्या वर असते. त्यामुळे तारेवर ‘स’ दुबळा पडतो आणि ‘साठ’ व ‘आठ’ यांतील अंतर धूसर होते. इन्सुलिनची आठ युनिटे आणि साठ युनिटे यांतील फरक वाचकांस सांगावयास नकोच. नव्या ‘एचडी’ आवाजात हा पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत वाढतो व बोलणे स्वच्छ होते, पण दोन्ही टोकांचे फोन आणि मधले जाळे तसे असेल तरच. म्हणून मात्रा सांगताना आकडा फोडून सांगावा, ‘सहा-शून्य’ असा, आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा. डॉक्टरांना ‘पुन्हा सांगा’ म्हणण्यात कसलाही अनादर नाही.

उशीर, अनियमितता आणि गळती

कोल्हापूरच्या स्थानकातून मलकापूरकडे दर दहा मिनिटांनी एक एसटी सुटते, अशी कल्पना करू. बाजारचा दिवस, घाटातील धुके, मध्येच आडवा आलेला उसाचा ट्रॅक्टर अशा कारणांनी त्या दहा मिनिटांच्या अंतराने पोहोचत नाहीत. दोन एकदम येतात, मग अर्धा तास एकही नाही. पाकिटांचेही असेच होते आणि या अनियमिततेस जिटर म्हणतात. त्यावर उपाय म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूचे यंत्र आलेली पाकिटे क्षणभर थोपवून ठेवते आणि सारख्या अंतराने पुढे सोडते. थोपविण्याची वेळ वाढविली तर आवाज सलग येतो, पण संभाषण मंदावते.

एकंदर उशिरास लेटन्सी म्हणतात. एका बाजूने निघालेला शब्द दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास, पोहोचला तर बोलणे स्वाभाविक वाटते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. ४०० मिलिसेकंदांपलीकडचा उशीर तो ग्राह्य मानत नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. शब्द वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद लागतो, आणि उत्तर यायला आणखी पाव. समोरचा अडखळतो आहे असे समजून आपण मध्येच बोलतो, तोही त्याच क्षणी बोलतो, आणि दोघांचेही वाक्य वाया जाते. अशा वेळी सभ्यपणे थांबून, एकाने वाक्य पूर्ण करून ‘बोला’ म्हणावे, ही बिनतारी यंत्रावरील पोलिसांची रीत उत्तम.

गळतीचा प्रकार अधिक फसवा आहे. वाटेत हरवलेले पाकीट पुन्हा मागविता येते, पण ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. म्हणून आवाजाच्या बाबतीत यंत्र ते सहसा मागवीतच नाही. उलट आधीच्या ध्वनीचा अंदाज घेऊन रिकामी जागा स्वतःच भरून काढते. गप्पांसाठी ही सोय सुखद आहे. वैद्यकीय संभाषणात मात्र हरवलेला भाग हरवला आहे, हेच ऐकणाऱ्यास कळत नाही. याच्या उलट, फाइल पाठविताना एकही पाकीट हरवलेले चालत नाही. सारी पोहोचेपर्यंत यंत्र मागणी करीत राहते. त्यावरून निघणारा व्यवहार सरळ आहे. बोलणे कॉलवर करावे, पण अहवाल, एक्स-रे, औषधाच्या वेष्टनाचे छायाचित्र कॅमेऱ्यापुढे धरून दाखवू नये, ते स्वतंत्रपणे पाठवावे. व्हॉट्सॲपवर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास त्याचा बारकावा शाबूत राहतो.

चित्र किती खरे?

चित्राचा भार आवाजाच्या कित्येक पट असतो. ६४० बाय ४८० ठिपक्यांचे साधे रंगीत चित्र सेकंदास २५ वेळा जसेच्या तसे पाठवावयाचे म्हटले, तर सेकंदाला १८ कोटी ४३ लाख बिट लागतील. प्रत्यक्षात त्याचे पाच-दहा लाख बिट करून काम भागविले जाते. युक्ती अशी, की मागील चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा गाळायचा. पाऊस आला, जोडणी क्षीण झाली, की हे गाळणे वाढते. चेहरा ओळखू येतो, पण बारीक पुरळ, ओठांवरची निळसर छटा, बोटांचा सूक्ष्म कंप हे नाहीसे होते. नेमके हेच तर डॉक्टरांना पाहावयाचे असते! रंगाचे आणखी एक कोडे असे, की पिवळ्या दिव्याखाली कॅमेरा आपल्या समजुतीने रंग बदलतो, तेव्हा काविळीविषयी काही बोलणे धाडसाचे ठरते. दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून बसावे आणि त्वचा दाखविताना शेजारी पांढरा कागद धरावा. लहान बाळाचा श्वास मोजावयाचा असेल तर छातीवरचा कपडा दूर करून पूर्ण एक मिनिट फोन स्थिर धरावा.

ध्वनीच्या बाबतीतही असाच एक अतिशहाणपणा यंत्रांत शिरला आहे. मागचा गोंगाट दाबण्याची सोय आता बहुतेक ॲपमध्ये असते. पंख्याची घरघर ती काढून टाकते, पण दमेकऱ्याच्या छातीतील सूं-सूं आणि श्वासाची घरघर हीसुद्धा तिच्या लेखी गोंगाटच! फोन छातीला लावून ‘डॉक्टर, ऐका’ म्हणणाऱ्या नातेवाइकांची तळमळ समजते, परंतु त्या ध्वनीवर विसंबून राहणे योग्य नाही. स्टेथोस्कोपचे काम साध्या फोनने होत नाही.

येथे देणगीदारांसाठी एक नम्र सूचना. दूरसंवादाच्या सोयीसाठी देणगी देताना मोठ्या पडद्याचा आणि महागड्या कॅमेऱ्याचा आग्रह होतो, कारण त्या वस्तू दिसतात. आमच्या मते प्रथम चांगला हेडफोन, खोलीतील पांढरा उजेड, वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा इन्व्हर्टर आणि दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या यांवर खर्च व्हावा. चित्र गेले आणि आवाज राहिला तर सल्लामसलत पुरी होऊ शकते, आवाज गेला तर चित्राचा काहीच उपयोग नाही. कॉल अडखळू लागला की प्रथम चित्र बंद करावे, हा नियमही त्यातूनच येतो.

दूरवैद्यक आणि त्याचे नियम

दूर असलेल्या रुग्णास संपर्कसाधनांद्वारे सल्ला देण्यास टेलिमेडिसीन किंवा दूरवैद्यक म्हणतात. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात अरगोंडा नावाचे खेडे आहे. तेथील रुग्णालय चेन्नईच्या तज्ज्ञांशी जोडून २००० साली या कामास प्रारंभ झाला. इस्रोने २००१ पासून उपग्रहांच्या साहाय्याने त्याचा देशभर विस्तार केला. कोविडच्या काळात, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. शासनाची ‘ई-संजीवनी’ ही विनामूल्य सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांतून आणि एप्रिल २०२० मध्ये घरबसल्या वापरासाठी सुरू झाली. मोहाली येथील सी-डॅकने ती घडविली असून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून १० कोटी सल्ले दिले गेले. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, अशा धनगरवाड्यावरील वृद्धासही उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत तिचा लाभ घेता येतो. आमच्या दृष्टीने घरातून एकट्याने केलेल्या कॉलपेक्षा ही रीत श्रेयस्कर आहे, कारण तेथे रक्तदाब मोजणारे शिकलेले हात रुग्णाजवळ असतात.

मार्गदर्शक तत्त्वांतील काही गोष्टी रुग्णाच्या घरी माहीत असाव्यात. डॉक्टरांनी आपले नाव व नोंदणी सांगणे आणि रुग्णाची ओळख व वय विचारणे आवश्यक आहे. रुग्णाने स्वतः कॉल केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते, आरोग्यसेवकाने वा डॉक्टरांनी केला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. अज्ञान बालकाबरोबर वडीलधारे माणूस हवे. अंमली व मनोविकारी द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे दुरून लिहून देता येत नाहीत, तेव्हा ती नाकारणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नये. आणि रुग्ण प्रत्यक्ष येऊन तपासून घेण्यास तयार असताना कोणत्याही डॉक्टरांस कॉलचाच आग्रह धरता येत नाही.

गोपनीयतेविषयी थोडेसे. बोलणे निघताना कुलूपबंद व्हावे आणि केवळ पलीकडच्या टोकालाच उघडावे, या व्यवस्थेस ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ म्हणतात. व्हॉट्सॲपवर ती २०१६ पासून आहे. परंतु हे कुलूप तारेवरच्या चोरापासून रक्षण करते, ओट्यावर बसून स्पीकरवरचे बोलणे ऐकणाऱ्या शेजाऱ्यापासून नव्हे. घरातील सुनेला अथवा तरुण मुलीला डॉक्टरांशी बोलावयाचे असेल, तर फोन तिच्या हाती देऊन खोलीबाहेर जाण्याइतका समजूतदारपणा वडीलधाऱ्यांनी दाखवावा. तसेच व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा वा डॉक्टराचा वेश करून पैसे मागणारे भामटे अलीकडे बोकाळले आहेत. उपचार अथवा देणगी यांच्या नावाखाली कोणी ‘स्क्रीन शेअर करा’ किंवा ‘ओटीपी सांगा’ म्हणाल्यास कॉल तत्काळ बंद करावा आणि पावती-पुस्तकावरील क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी.

शेवटी तातडीच्या प्रसंगांविषयी. सर्पदंश, छातीत दाटून येणारी कळ, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, अडलेले बाळंतपण, न थांबणारा रक्तस्राव, विषबाधा यांत व्हिडिओ कॉल जुळविण्यात एक मिनिटही घालवू नये. आणीबाणीत दुरून मिळणारा सल्ला प्रथमोपचारापुरता आणि पुढे पाठविण्यापुरताच असतो, असे मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक साध्या फोनवरून लावावा, व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून तो लागत नाही. मानसिक अस्वस्थतेसाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे व तीही साध्या फोनवरून चालते. घरात सिग्नल येत नसेल तर तो वाडीत नेमका कोठे येतो, देवळाच्या पायरीवर, माळावरच्या टेपाडावर की शाळेच्या मागे, हे पावसाळ्यापूर्वीच पाहून ठेवावे आणि घरातील लहानथोरांस दाखवून द्यावे.